गोठ्यातला उतार

१

डॉक्टर विनीत गद्रे माणूस म्हणून जरा शिष्टच, पण गुरांचा डॉक्टर म्हणून लाखात एक. हे मत भिकाजीचं. आंबेखोलच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून भिकाजीची तीस वर्षं गेली होती आणि तो सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे. पोफळीच्या कॉलनीतला जावई असो की सावर्ड्याच्या बाजारातून आणलेली छत्री, भिकाजी त्यात खोट काढणार म्हणजे काढणारच. तेव्हा त्याने कुणाला लाखात एक म्हटलं, तर ते गंभीरपणे घ्यायला हवं.

मार्गशीर्ष लागला होता. भात झोडून झालं होतं, आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी चालू होती. या फेरीत दिवसाला पन्नास-साठ गुरं होतात. धर, टोच, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलमध्ये भर, सोड. कुणाला मान वर करायला फुरसत नसते. विनीतला मात्र एक खोड होती. टोचायच्या आधी तो प्रत्येक जनावराच्या डोळ्यात बघायचा. भिकाजी तोवर सुई धरून उभा, कपाळाला आठ्या.

कॉलेजात असताना विनीतने एक गोष्ट ऐकली होती आणि ती त्याच्या डोक्यात कायमची बसली होती. गाईची बाहुली आपल्यासारखी गोल नसते, आडवी असते. शेळीची तर फटीसारखी. गाय चरायला मान खाली घालते तेव्हा तिची बाहुली तिरपी व्हायला हवी की नाही? होत नाही. मान जेवढी वाकते, तेवढा डोळा आतल्या आत खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. आता जमीन कुठल्या बाजूला आहे हे डोळ्याला कोण सांगतं? कान सांगतो. बाहेरचा हलणारा कान नव्हे, आतला, हाडात दडलेला. तिथे तीन वाकड्या नळ्या असतात, त्यांत पाणी असतं, आणि शेजारी चुन्याचे बारीक कण. खाली ज्या बाजूला, त्या बाजूला कण सरकतात आणि डोळा मुकाट्याने तसा वळतो.

"म्हणजे बघा, कान सांगतो आणि डोळा ऐकतो," असं विनीत समोर येईल त्या शेतकऱ्याला सांगायचा. शेतकरी सुईकडे बघत मान डोलवायचा.

खालच्या वाडीतलं शेवटचं घर हौसाबाईचं. अडुसष्ट वर्षांची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रघू मुंबईला. घराला लागून गोठा, आणि गोठ्याची मागची चिऱ्याची भिंत थेट डोंगराच्या पोटाला टेकलेली. तांबशी आणि मोरी या दोन गायी, बैलजोडी, तीन शेळ्या. सात जनावरं म्हणजे पाच मिनिटांचं काम.

विनीतने तांबशी गाईचा कासरा धरला, तिच्या डोळ्यात पाहिलं, आणि सुईसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

गाईची मान सरळ होती. बाहुली तिरपी होती. शेपटीकडचं टोक खाली, नाकाकडचं वर.

२

"काकी, ही कधीपासून अशी?"

"चार दिस झाले बगा. गव्हानीत तोंड घालत नाय. गवत घातला तर पाठ फिरवून उभी ऱ्हातत सगळी. मला वाटला नजर लागली. मीठमिरच्या पन ओवाळल्या, पन काय उपेग नाय."

गव्हाण मागच्या भिंतीला लागून होती. सातही जनावरांनी तिच्याकडे पाठ केली होती आणि दावी ताणून ती दाराकडे तोंड करून उभी होती. बैलांच्या मांडीचे स्नायू थरथरत होते. घाटी उतरताना ओझं मागून ढकलू लागलं की बैल असे पाय रोवतात. शेळ्यांनी तर पुढचे खूर जमिनीत खुपसले होते.

विनीत एकेका जनावरापाशी बसला. मोबाईलचा दिवा लावून डोळे तपासले. सातही जनावरांच्या बाहुल्या तिरप्या, सगळ्यांची शेपटीकडची बाजू खाली.

आतल्या कानाला पू झाला की असं होतं. मेंदूला ताप चढला तरी होतं. सातही जणांना एकदम कसं, हाही प्रश्न नाही, खराब गवतातून साथ येते. विनीतने मनातल्या मनात पुस्तकाची पानं उलटली आणि त्याला बरं वाटलं. मग सहज, पूर्ण तपासणी म्हणून, त्याने तांबशीला वळवून भिंतीकडे तोंड करायला लावलं. दोघांना ती आवरेना. शेवटी वळली. विनीतने दिवा धरला.

आता नाकाकडचं टोक खाली होतं.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. आजार गुराच्या अंगात असतो हो. जनावर वळलं तर आजार त्याच्याबरोबर वळतो. हा वळला नव्हता. बाहुलीचं खालचं टोक अजूनही भिंतीकडेच होतं. तांबशीच्या लेखी या गोठ्याची जमीन भिंतीकडे उतरत होती.

"पाणी आणा," विनीत म्हणाला.

हौसाबाईने घमेल्यात पाणी आणलं. मधोमध ठेवलं, पाणी सगळीकडून काठापासून सारखं. एक लिंबू जमिनीवर ठेवलं, जागचं हललं नाही. सलाईनची बाटली आढ्याला टांगली, ती सरळ खाली. जमीन सपाट होती. उतार असलाच तर तो दाराकडे, शेताकडे असायला हवा. मागे तर डोंगर चढत गेलेला!

"कान बगितलेत का, साहेब?" भिकाजी हळूच म्हणाला.

गाईचा एक कान इकडे तर दुसरा तिकडे, हे नेहमीचं. दोन कान दोन वेगवेगळ्या आवाजांवर ठेवता येतात तिला. इथे चौदाच्या चौदा कान मागे वळले होते, भिंतीकडे. माशी बसली तरी हलत नव्हते. विनीतने मोबाईलवर सगळ्याचं चित्रण केलं.

"एक शेळी बाहेर काढून बगूया का? उजेडात?" भिकाजीने विचारलं.

साधी गोष्ट होती. दहा पावलांचं काम. पण विनीत शिष्ट होता ते इथे आडवं आलं. संशयित साथीचं जनावर जागचं हलवायचं नाही हा नियम, आणि नियम परिचराने डॉक्टरला शिकवायचा नाही.

"भिकाजी, तीस वर्षं नोकरी केलीत ना? संसर्ग असला तर सगळ्या वाडीची गुरं जातील."

त्याने रक्ताचे नमुने घेतले, सगळ्यांना इंजेक्शनं दिली, आणि कागद लिहिला. संशयित संसर्ग. गुरे गोठ्यातून बाहेर काढू नयेत. देखभाल एकाच व्यक्तीने करावी. इतरांनी प्रवेश करू नये. खाली सही, शिक्का. कागद अंगणातल्या खांबाला चिकटवला. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवला.

"म्हंजे मीच बगायचा ना? मग मीच बगतेय की इतकी वर्सां," ती हसून म्हणाली.

३

चौथ्या दिवशी विनीत परत गेला तेव्हा हौसाबाईच्या अंगणात शिरायचं बेडं बांबू घालून बंद केलेलं होतं आणि वर करवंदीच्या काट्यांची फांदी टाकली होती. कुंपणाच्या गडग्यावर झाकलेला डबा ठेवला होता. शेजारचा एक बाप्या लांबूनच म्हणाला, "गावकीने ठरवलाय, डॉक्टर. तुमचाच कागद हाय ना? एकाच मान्साने बगायचा, दुसऱ्याने जायचा नाय. मग ती बाहेर आली तर रोग बाहेर नाय येनार? डबा ठेवतो आमी दोन टायमाला. तुमी सांगाल तवा सोडू."

त्याने लिहिलं होतं एक, गावाने वाचलं दुसरं. तेही साथीच्या काळजीपोटी, शब्दाला शब्द धरून. गावकीने ठरवलेलं हौसाबाईने मोडलं नव्हतं. ती घरातही फारशी जात नव्हती. गोठ्यातच असायची.

विनीत आत गेला. जनावरं तशीच, दाराकडे तोंड, दावी ताणलेली, बरगड्या दिसू लागलेल्या. आणि हौसाबाई गव्हाणीपाशी, भिंतीला पाठ टेकून बसली होती. मांडीवर गोधडी.

"काकी, घरात जाऊन पडा ना जरा."

"नको रे बाबा. हितं टेकला की बरा वाटता. चुलीपाशी बसला तरी लवंडल्यासारखा होता. सारखा हितंच घसरायला होता." ती भिंतीवर डोकं टेकून म्हणाली. "म्हटला, घसरायचाच हाय तर आदीच येऊन बसावा."

बीपीची गोळी घेता का, चक्कर येते का, विनीतने विचारून घेतलं. हो, घेते. येते थोडी. म्हातारपणी चक्कर यायचीच, हे उत्तर त्याने तिच्याऐवजी स्वतःलाच दिलं.

मग कुणी बघत नाहीसं पाहून त्याने एक वेडेपणा केला. स्टेथोस्कोप काढला आणि भिंतीला लावला. चिऱ्याचा गार स्पर्श बोटांना झाला. काही ऐकू येईना. स्वतःच्या रक्ताची धकधक तेवढी. तो काढणार इतक्यात, खूप आतून, चढण चढताना माणूस थांबून दम खातो तसा आवाज आला. तीन-चार मोठे श्वास, मग शांतता. मग एक पाऊल टाकल्यासारखं काहीतरी.

त्याने झटकन नळी काढली. बैलाचाच श्वास असणार. भिंतीतून आवाज कसाही वळतो.

"आला का तुमाला पन आयकू?" हौसाबाईने डोळे न उघडता विचारलं.

"काय?"

"नाय. काय नाय."

खरं तर त्याच क्षणी त्याने दुसरा कागद लिहायला हवा होता. त्यालाही ते कळत होतं. पण प्रयोगशाळेचा निकाल आला नव्हता. सोडली आणि उद्या तालुकाभर साथ पसरली तर? वरून विचारणा झाली तर? आपण एका म्हाताऱ्या बाईला गोठ्यात कोंडून ठेवलं आहे, ती या सहीमुळे तिथे बसली आहे, याची त्याला लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्याने पुन्हा एकदा चित्रण केलं, पुन्हा इंजेक्शनं दिली, आणि तो निघून आला.

४

दुसऱ्या दिवशी फेरीवर निघाल्यावर मोटारसायकल डावीकडे ओढत होती. भिकाजी मागून दोनदा म्हणाला, "साहेब, रस्त्याच्या कडेला कशाला चाललाव?" विनीतने चाकातली हवा तपासली. ठीक होती. परत येताना, त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने, गाडी उजवीकडे ओढू लागली. दोन्ही वेळा गाडी ज्या बाजूला ओढत होती, त्याच बाजूला खालची वाडी होती. विनीतने हा विचार मनात आला तसाच टाकून दिला.

खोलीवर तो आरशासमोर उभा राहिला. स्वतःच्या डोळ्यात दिव्याचा झोत टाकला. काळी गोल बाहुली लहान झाली, मोठी झाली. आणि त्याच्या लक्षात आलं की माणसाची बाहुली गोल असते. ती कितीही फिरली तरी गोलच दिसणार. गुरांचं निदान कळतं, आपलं कळायचा मार्गच नाही. तो हसायला गेला, पण हसणं काही जमलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. त्याने दोन्ही चित्रणं काढली आणि कागदावर गोठा आखला. कुठलं जनावर कुठे बांधलं आहे ते मांडलं, आणि प्रत्येकाच्या कानाच्या रोखाने पेन्सिलीची एकेक रेघ ओढली. पहिल्या दिवसाच्या रेघा जवळजवळ समांतर निघाल्या, भिंतीतून आरपार डोंगरात गेल्या, कागद संपला तरी मिळाल्या नाहीत. लांबच्या आवाजाला कान असेच लागतात.

चौथ्या दिवसाच्या रेघा कागदावरच मिळाल्या. भिंतीच्या मागे, पंधराएक हात अंतरावर.

"काय काढताव?" भिकाजी डोकावला.

"काही नाही."

भिकाजीने कागदाकडे पाहिलं. मग बराच वेळ तो टेबलावरचा कापूस उगाच नीट लावत बसला. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "काय असंल ता असंल. पन बायला बाहेर काडा. माजी आय तेवड्याच वयाची होती."

"निकाल आला की काढतो."

"निकालाचा आनि बायचा काय संबंद?"

विनीतने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. भिकाजीचं बरोबर होतं.

५

नवव्या दिवशी सकाळी रघूचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"डॉक्टर, आमच्या आईला झालंय तरी काय? रोज फोन करतो मी. आधी बोलायची नीट. आता मध्येच थांबते. मी हॅलो हॅलो करतो, तर म्हणते, थांब जरा, ऐकू दे. काय ऐकू दे? काल म्हणाली, दम लागलाय बिचाऱ्याला, किती चढून आलाय. आणि आज..."

"आज काय?"

"आज म्हणाली, पोचला. आणि फोन ठेवला. आता उचलत नाही. मी निघालोय, पण गाडीला संध्याकाळ होईल. तुम्ही तिला कोंडलंय म्हणे? तुम्हाला आई नाही का हो?"

विनीतने प्रयोगशाळेला फोन लावला. निकाल कालच तयार होता. सातही नमुने निर्दोष. कसलाही जंतू नाही. त्याने तो ऐकला आणि त्याची पाचावर धारण बसली. पहिल्या दिवशी हाच निकाल त्याने देवाकडे मागितला असता.

भर अकराच्या उन्हात दोघं वाडीत पोचले. विनीतने काट्यांची फांदी हाताने ओढून फेकली, तळहात सोलले त्याचंही भान नव्हतं. खांबावरचा कागद टराटरा फाडला. गोठ्याच्या दारातली पहिली शेळी भिकाजीने सोडली. ती अशी सुटली की भिकाजी दाव्यासकट अंगणात आपटला. विनीतने तिला मांडीत दाबून धरलं, डोळा उघडला.

बाहुलीची फट तिरपी होती. तो बघत असताना ती हळूहळू फिरली, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि आडवी झाली. सरळ. निरोगी. शेळीने मान खाली घातली आणि अंगणातलं गवत खायला लागली.

दहा पावलं. आठ दिवसांपूर्वी दहा पावलं.

"सांगितला होता मी," भिकाजी म्हणाला. त्याला रागवायचं होतं, पण आवाज रडवेला आला.

६

"काकी!" विनीतने दारातून हाक मारली.

"या की," आतून आवाज आला. शांत.

हौसाबाई भिंतीशीच बसली होती. जनावरांचे कान आता भिंतीकडे नव्हते. ते भिंतीच्या अलीकडे, गव्हाणीपाशी रोखलेले होते. विनीतने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावत बसायची ती वेळ नव्हती.

तो आत शिरला आणि पहिल्याच पावलाला त्याचा तोल गेला. डोळ्यांना जमीन सपाट दिसत होती. शेण, गवताच्या काड्या, घमेलं, सगळं आपापल्या जागी. पायांना मात्र घाटी उतरत असल्यासारखं वाटत होतं. गुडघे आपोआप वाकले, टाचा रोवल्या गेल्या. खांब धरत, गाईच्या पाठीवर हात टेकत तो खाली गेला. सपाट जमिनीवर कुणी खाली जातं का? पण तो खालीच गेला.

"उठा काकी. झालं. निकाल चांगला आलाय. चला बाहेर."

"झाला का? बरा झाला." तिने हात पुढे केला. हात गार होता आणि ती वजनाला फार जड लागली. आठ-नऊ दिवस अर्धपोटी राहिलेली, मूठभर हाडांची बाई, आणि तिला उठवताना विनीतच्या पाठीत कळ आली.

वर येणं भयंकर होतं. दार समोर दिसत होतं, बारा-तेरा हातांवर, आणि त्यात भिकाजी उभा. विनीतच्या मांड्या थरथरू लागल्या. एकेका पावलाला तो थांबून दम खात होता, आणि त्या दम खाण्याचा आवाज आपण आधी कुठे ऐकला आहे हे त्याला आठवायचं नव्हतं. भिकाजीने दावं फेकलं. विनीतने ते मनगटाला गुंडाळलं.

वाटेत तांबशीचं तोंड त्याच्या तोंडाशी आलं. तिचा डोळा मोठा, काळा, ओलसर, आणि त्यात आरशात दिसावा तसा सगळा गोठा दिसत होता. दाराचा उजेड. विनीत. विनीतच्या हाताला धरून हौसाबाई. आणि तिच्या मागे भिंत नव्हती. मागे उतार होता, चिऱ्याच्याच रंगाचा, खाली खाली गेलेला, कुंभार्लीच्या घाटातून खाली बघावं तसा, त्याचा शेवट दिसत नव्हता.

विनीतने श्वास रोखून त्या उतारावर नजर फिरवली. वरपासून खालपर्यंत. तिथे कुणी नव्हतं. उतार रिकामा होता.

कुणी नाही! त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत, गव्हाण आणि गोधडी. त्याने हौसाबाईचा हात घट्ट धरला आणि उरलेली पावलं देवाचं नाव घेत ओढली.

७

भिकाजीने आत जाऊन सगळी दावी कापली. जनावरं अंगण ओलांडून समोरच्या उघड्या कातळावर पळाली. भिकाजी बाहेर आला तो हसतच. "साहेब, काय नाय आता आत! पाय कसे सरळ पडतायत! गेला ता, काय होता ता!"

विनीत मटकन अंगणात बसला. कातळावर ऊन होतं, वारा होता. जनावरं माना खाली घालून वाळलेलं गवत ओरबाडत होती. तांबशी, मोरी, बैलजोडी, शेळ्या. लांबूनही दिसत होतं की त्यांचे कान मोकळे हलत आहेत, एक इकडे, एक तिकडे. विनीतने रघूला फोन लावला. "बाहेर काढलंय आईला. सुखरूप आहे. माझी चूक झाली, रघू. मी आधीच काढायला हवं होतं." पलीकडे रघू रडायला लागला. विनीतलाही रडू येत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

हौसाबाई त्याच्या शेजारी उभी होती. अजून त्याचा हात धरून. उन्हाने डोळे बारीक करून ती कातळाकडे बघत होती.

"माजी गुरां खातत," ती म्हणाली. "किती दिसांनी बगतेय." मग तिने हात तोंडाशी नेऊन रोजची हाक घातली. "तांबशेऽऽ! ये गो बाय!"

तांबशीचं चरणं थांबलं.

तिने मान वर केली. तिचे दोन्ही कान वळले. मग बैलांचे वळले, मोरी गाईचे वळले, शेळ्यांचे वळले. चौदाच्या चौदा कान अंगणाकडे रोखले गेले, आणि माशी बसली तरी हलेनात.

"अशी काय बगताय?" हौसाबाई म्हणाली. "मी हाय गो. वळखलास नाय?"

ती एक पाऊल पुढे गेली. गुरं एक पाऊल मागे सरली. सगळी एकदम. मग त्यांनी पुढचे पाय कातळावर रोवले आणि मांड्या ताणल्या, घाटी उतरताना ओझं मागून ढकलू लागलं की बैल रोवतात तसे. सगळ्यात जवळची शेळी दहा हातांवर होती. विनीतला तिचा डोळा स्वच्छ दिसला. आडवी फट सावकाश फिरली, आणि तिचं अलीकडचं टोक खाली आलं. हौसाबाईकडचं.

"भिकाजी," विनीत म्हणाला, "पलीकडे व्हा. लांब व्हा."

"काय झाला, साहेब?"

हौसाबाई वळली. तिने विनीतकडे पाहिलं. तिचे डोळे तेच होते, म्हातारे, पाणावलेले, गोल बाहुल्यांचे. ती दम लागल्यासारखी श्वास घेत होती. तीन-चार मोठे श्वास, मग शांतता.

"डॉक्टर," ती केविलवाण्या आवाजात म्हणाली, "माजी गुरां मला भितत का हो? मी काय केलाय त्येंना?"

विनीतला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तिला सांगायचं होतं की काही नाही, काकी, घाबरलीत ती, येतील संध्याकाळी. अडुसष्ट वर्षांची बाई, त्याच्या सहीने कोंडलेली, त्याच्या हाताने बाहेर काढलेली. त्याने तिचा हात सोडला.

हात सोडला, उठून मागे सरायला म्हणून पाय उचलला, आणि तो तिच्याच दिशेने पुढे पडला.